उंबराखालची जेवणावळ

"आपल्या मातीत असाधारण उत्साह आढळला आहे. पडताळणी पूर्ण होईपर्यंत आपले मानधन स्थगित ठेवण्यात येत आहे. आपला दिवस हिरवा जावो."

भास्करराव बोरस्त्यांनी मोबाइलवरचा हा निरोप आधी मनात वाचला, मग मोठ्यानं वाचला, मग चष्मा पुसून परत वाचला. तिन्ही वेळा त्यात तेच लिहिलेलं होतं.

"उत्साह!" ते ओसरीवरून ओरडले. "अगं, ऐकलंस का? आपल्या मातीला उत्साह आला म्हणून पैसे अडवलेत. मरगळ आली असती तर मी समजलो असतो!"

"चांगलंच आहे की," आतून हेमलताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज सहसा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे. आज ओलांडला तोही जेमतेम.

"काय चांगलं आहे त्यात?"

"उत्साह."

भास्कररावांनी मदतवाणीला फोन लावला.

"नमस्कार, मी मातीमित्र. आपली माती कशी आहे?" पलीकडून यंत्राचा गोड आवाज आला.

"माती उत्साहात आहे. मी नाही."

"अभिनंदन! आणखी काही मदत हवी आहे का?"

"मला एखादा माणूस द्या बोलायला."

"क्षमस्व. 'माणूस' या विषयावर माहिती उपलब्ध नाही. गांडुळांसाठी एक दाबा."

भास्कररावांनी फोन गादीवर आपटला. जमिनीवर आपटायची सोय राहिली नव्हती. जमिनीवर काही आपटलं की ते ऐकू जात होतं.

ते कसं, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

माती विषाशिवाय पिकवणाऱ्या शेतकऱ्याला सरकारनं पैसे द्यावेत, ही कल्पना काही नवी नव्हती. जिवंत माती पाणी धरून ठेवते, हवेतला कर्ब पोटात घेते, पावसात वाहून जाऊन धरणं गाळानं भरत नाही. धरणाखालच्या शहरांना त्याचा फायदा होतो, तर त्यातलं थोडं वर शेतापर्यंत पोचावं, इतकं साधं गणित. अडचण एकच होती. माती जिवंत आहे, हे ओळखायचं कसं? सुरुवातीला खताच्या खड्ड्याचे फोटो मागवले. एकाच खड्ड्यापुढे अख्ख्या गावानं उभं राहून फोटो काढले. मग मातीचे नमुने प्रयोगशाळेत जाऊ लागले. त्यांचे निकाल येईपर्यंत शेत विकलं गेलेलं असे.

मग शास्त्रज्ञांनी मातीला कान लावला.

माती बोलते, हे खरंच आहे. गांडूळ सरकतं तेव्हा भोवतीचे कण सुटून बारीक कडकड होते. अळी मूळ कुरतडते, त्याचा आवाज वेगळा. काही मुंग्या तर पोटावरच्या खाचा घासून एकमेकींना हाका मारतात. माणसाच्या कानाला यातलं काही कळत नाही, कारण माती स्वतःच हे आवाज गिळून टाकते. पण पोलादाची हातभर कांब जमिनीत रोवली, तर ती थरथर कांबेतून वर येते. कांबेच्या डोक्यावर एक स्फटिक बसवलेला असतो, तो त्या थरथरीची वीज करतो. त्यावर सूर्यावर चालणारी काडेपेटीएवढी डबी. हजारो शेतं ऐकून शिकलेली ती डबी वाऱ्यानं हललेलं मूळ आणि चालणारा किडा यांतला फरक ओळखते. किती प्रकारचे जीव, किती दाटीनं, दिवसभर काय करतात, यावरून ती शेताला एक अंक देते. सजीवता अंक. अंक चांगला, तर मानधन चांगलं. फवारणी केली की दुसऱ्या दिवशी माती गप्प होते आणि अंक पडतो. लपवायला जागाच नाही.

कागदोपत्री त्याचं नाव भूश्रवण यंत्र. गाव त्याला नुसतं 'कान' म्हणायचं.

कान आले आणि गाव बदललं. ज्या शेतात कान, त्याच्या बांधावरून ट्रॅक्टर नेला की भांडण. लग्नाच्या वरातीतला बँड वळसा घालून जाऊ लागला. एकानं शहरातून बादलीभर गांडुळं आणून कानाभोवती ओतली. ती सगळी एकाच जातीची आणि वाट चुकल्यासारखी गोल गोल फिरणारी निघाली, तेव्हा डबीनं त्याला दोन हंगामांसाठी बाद केलं. बांधावर उभं राहून खणखणीत शिव्या देणारी माणसं आता कुजबुजत शिव्या देत. भास्करराव कानाजवळ जाताना पायातल्या चपला काढत आणि खोकला आला तर तोंडात उपरणं कोंबत.

त्यांना या कानाची फार गरज होती. पैशांची होतीच, पण पैशांपेक्षा जास्त धाकट्या भावासाठी होती.

वाटण्या झाल्या तेव्हा निवृत्तीनं आपल्या हिश्श्यात द्राक्षबाग लावली आणि भास्कररावांनी आपल्यातली उपटली. भुईमूग, तूर, सीताफळ, भाजीपाला, मधे वाढेल ते गवत. नांगर बंद, औषध बंद. निवृत्तीच्या बागेवर फवारणीचे ड्रोन भिरभिरत. ठिबकच्या नळीतून मुळांना औषध पाजलं जाई, त्याला बागाईतदार ड्रेंचिंग म्हणत. बांध एकच, आणि उतार भास्कररावांकडे. "दादा गवत पिकवतो," निवृत्ती सोसायटीच्या ओट्यावर बसून सांगायचा, "आणि गवताला विचारून बाकीचं पेरतो." लोक हसत. बारा वर्षं हसत होते.

या हंगामात गावाचे अंक जाहीर झाले. भास्करराव पहिले, तेही इतके पुढे की दुसऱ्याचा अंक त्यांच्या निम्मा. शिक्का बसला की पहिल्याला सरकारी गौरवपत्र मिळणार होतं. त्याच ओट्यावर निवृत्ती सगळ्यांदेखत म्हणाला, "पडताळणी होऊन दादाच्या अंकावर शिक्का बसू दे. बसला, तर माझं ड्रेंचिंग यंदापासून बंद. शब्द आहे माझा."

शिक्क्याऐवजी हा उत्साह आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पडताळणी अधिकारी आली. आश्लेषा नाठे नावाची, तिशीच्या आतली मुलगी. विजेची स्कूटर तिनं बांधापासून लांब लावली आणि न सांगता बूट काढले. भास्कररावांना बरं वाटलं.

कान उंबराच्या झाडाखाली होता, शेताच्या ईशान्य कोपऱ्यात. बसवणारा कारागीर म्हणाला होता, शेताच्या मधोमध घालतो. भास्करराव म्हणाले होते, विहीर असो की घर, पहिली कुदळ ईशान्येला पडते; ही तर सरकारी कांब आहे. हेमलताबाईंनी कांबेला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, कारागिराला खोबरं दिलं. ते खात खात त्यानं कांब ईशान्येला ठोकली.

आश्लेषानं हातातल्या पाटीवर आलेख उघडला.

"काका, हे बघा. दिवसभर तुमची माती बोलते, छान बोलते. पण रोज सकाळी साडेआठच्या सुमाराला एकदम यात्रा भरते. तासभर चालते, मग ओसरते. रविवार नाही, सणवार नाही. रोज. आता किडामुंगी काही घड्याळ लावून उठत नाही."

"म्हणजे मी काय करतो, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी काही म्हणत नाही. यंत्र म्हणतंय, इथे रोज जेवणावळ होते."

"जेवणावळ!" भास्कररावांचा आवाज चढला. मग कान आठवून त्यांनी तो उतरवला आणि कुजबुजत चिडले. चिडताना कुजबुजणं फार अवघड असतं, मान लाल होते. "बारा वर्षं एक थेंब औषध नाही घातलं मी. लोकांची टिंगल खाल्ली. आणि आता माती खरंच बोलायला लागली, तर म्हणता लबाडी? तुमच्या यंत्रालाच भूक लागली असेल!"

तेवढ्यात घराकडून बांधावरून हेमलताबाई आल्या. देवपूजा आटोपून आल्या होत्या, केस ओले होते, हातात पितळी वाटी होती. पाहुणी बघून जराशा थबकल्या.

"आलेच हं," असं हळूच म्हणून त्या उंबराखाली गेल्या आणि उकिडव्या बसल्या. वाटीत भाजलेली कणीक आणि पिठीसाखर होती. ती चिमटीचिमटीनं त्यांनी वारुळाच्या तोंडाशी गोल मांडली आणि हात जोडून थांबल्या. एक काळी मुंगी आली. तिनं कण उचलला. मग दुसरी. मग रांग.

आश्लेषाच्या हातातली रेघ तिघांच्या डोळ्यांदेखत वर चढली.

"भरली यात्रा," ती म्हणाली.

भास्करराव बघत राहिले. ती वाटी त्यांनी यापूर्वी पाहिलेली नव्हती असं नाही. रोज पाहिली होती, पण घराची चौकट पाहावी तशी.

"काकू, हे कधीपासून?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून," हेमलताबाई म्हणाल्या. "आईनं सांगितलं होतं, ज्या शेताचं खाशील तिथल्या जिवांना आधी वाढ. तेव्हा औत चालायचं. फाळाखाली किती जीव जातात, बाई."

"आता तर तुम्ही नांगरत नाही."

"आता नाही. आधी गेलेले आहेतच की."

आश्लेषानं कपाळ चोळलं. तिला वाईट वाटत होतं आणि नियम पाठ होता. "याला बाह्य खाद्य म्हणतात, काकू. कानाजवळ काय, तुमच्या शेतात कुठेच चालत नाही. लोक साखरेची पोती ओततील उद्या."

भास्कररावांनी वर बोट दाखवलं. उंबर लगडलेला होता, खाली पिकलेल्या फळांचा सडा होता, आणि त्यावरही मुंग्या होत्या. "आणि हे?"

"ते नैसर्गिक."

"म्हणजे उंबर पडलं तर चालतं आणि वाटी पडली तर चालत नाही?"

"हो," आश्लेषा म्हणाली. "मी नियम लिहिला नाही, काका. मला तो फक्त सगळ्यांना सांगावा लागतो, आणि सगळे माझ्यावरच चिडतात. दोन आठवडे खाद्य बंद ठेवा. कान पुन्हा ऐकेल. जो अंक येईल त्यावर शिक्का."

जाताना भास्करराव तिच्या मागे स्कूटरपर्यंत गेले. "ताई, खरं सांगा. माझी माती खरंच जिवंत आहे, की नुसती हिच्या साखरेची कमाल?"

"साखरेनं मुंग्या जमतात, काका. तयार नाही होत. पण त्यात तुमचं किती आणि साखरेचं किती, ते आत्ता मलाही नाही सांगता येणार."

हेच ऐकायला नको होतं. बारा वर्षांची मेहनत आणि एक वाटी साखर, यांची वजाबाकी करायची वेळ आली होती.

घरी येऊन भास्करराव शक्य तेवढ्या शांतपणे म्हणाले, "दोनच आठवडे. तेवढं बंद ठेव."

"बरं," हेमलताबाई म्हणाल्या.

इतक्या चटकन 'बरं' येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला बसले तेव्हा एकच ताट होतं.

"तुझं?"

"मुंग्यांनी घेतल्याशिवाय मी घेत नाही ना."

"काय?" त्यांचा घास हातात राहिला. "रोज?"

"रोज. तुम्ही न्याहारी करून रानात जाता, तुम्हाला कसं दिसणार."

"आणि बंद ठेव म्हटलं, तर दोन आठवडे उपाशी राहणार तू?"

"रागानं नाही हो," त्या खरंच समजुतीनं म्हणाल्या. "तुम्ही बंद म्हणालात, मी बंद केलं. माझं त्याच्या मागोमाग असतं, इतकंच."

"मग अंगणात घाल ना! मुंग्या काय, अंगणातही येतात."

"अंगणावर कधी औत फिरलंय का?"

भास्कररावांनी डोकं धरलं. आरडाओरडा करणारी बायको असती तर भांडता आलं असतं. या बाईच्या प्रत्येक वाक्याला टेकायला जागा असायची, धरायला नाही. बरंच डोकं चालवल्यावर त्यांनी तोड काढली. बांधाची निवृत्तीकडची बाजू! ती त्यांच्या शेतात मोडत नव्हती, म्हणजे नियमात बसत होती. आणि वाटण्यांच्या आधी तिथेही हेच औत फिरलं होतं.

"हे बरोबर आहे," हेमलताबाई म्हणाल्या. "तिथलं राहिलंच होतं माझ्याकडून."

त्याच दुपारी वाटी घेऊन त्या निवृत्तीच्या बागेकडे गेल्या. भास्करराव मोटारीच्या दुरुस्तीत अडकले. उन्हं कलली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ती अजून परतलेली नाही.

बांधावर ती बसलेली होती, पदर डोक्यावर घेऊन. पुढे साखर-कणकेचा गोल जसाच्या तसा. शेजारी निवृत्ती उकिडवा.

"दादा, हे काय नवीन?" निवृत्तीनं त्यांना पाहताच सुरुवात केली. "वहिनी माझ्या बांधावर हळदीकुंकू मांडून बसल्यात. बरं, आमंत्रण कुणाला, तर मुंग्यांना. लोक जाता-येता बघताहेत. मी म्हटलं, घरी या, चहा घ्या, तर म्हणतात पाहुण्या यायच्यात."

"मग आल्या का पाहुण्या?" भास्कररावांनी विचारलं.

निवृत्ती जमीन बघू लागला. "येतील की. मुंग्या कुठे नसतात? नको तिथे येतात." त्यानं काडीनं माती उकरली. भुसभुशीत, स्वच्छ, एकसारखी माती निघाली. त्यानं दुसरीकडे उकरली. मग बागेच्या कडेला जाऊन तिसरीकडे. "वहिनी, साखर शिळी असेल. मी गूळ आणतो."

तो खरंच घरी जाऊन गूळ घेऊन आला. गुळाचा खडा त्यानं स्वतःच्या हातानं साखरेशेजारी ठेवला. तिघंही त्या खड्याकडे बघत बसले. एक माशी आली, बसली, उडून गेली. निवृत्तीच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ती अस्वस्थता आली, घरी पाहुणे बसलेत आणि आतून ताटच येत नाही, तशी.

"परवाच ड्रेंचिंग झालंय," तो शेवटी म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

"असू दे, भाऊजी," हेमलताबाई उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं. "उद्या येते."

"वहिनी, काहीतरी खाऊन जा. माझ्या बांधावरून अशा उपाशी..."

"उपाशी नाही हो. नुसतं राहिलंय."

घरी पोचतात न पोचतात तोच भास्कररावांचा मोबाइल वाजला.

"आपल्या मातीत अचानक शांतता आढळली आहे. कीटकनाशक वापराचा संशय नोंदवण्यात येत आहे. आपली संध्याकाळ हिरवी जावो."

भास्करराव हसायला लागले. ते हसणं ऐकून हेमलताबाई काळजीनं बाहेर आल्या.

"खायला घातलं तर लबाडी," ते म्हणाले, "आणि नाही घातलं तर विष! या कानाला पाहिजे तरी काय? मी आता मातीत तोंड घालून स्वतःच सरपटू का?"

"पाणी घ्या," त्या म्हणाल्या. स्वतः त्यांनी तेवढंच घेतलं.

दुसऱ्या दिवशी भास्करराव न्याहारीला बसलेच नाहीत. देवघरात बायको हळू आवाजात स्तोत्र म्हणत होती. आवाज रोजच्यासारखाच होता, फक्त मधेच एकदा श्वासासाठी थांबला. त्या थांबण्यानं त्यांचं काय झालं, कोण जाणे. त्यांनी उठून फळीवरून पितळी वाटी काढली. कणीक भाजायला गेले ती करपवली. तशीच साखर मिसळली आणि बांधावरून उंबराकडे निघाले. मनात दोन्ही गोष्टी स्वच्छ दिसत होत्या. एक पाऊल पुढे टाकलं की शिक्का जाणार, गौरव जाणार, निवृत्तीचा शब्द जाणार. आणि माती जिवंत किती, हा आकडा आता कधीच कळणार नाही. कालची निवृत्तीच्या बांधावरची अनुत्तरित साखरही दिसत होती.

चपला न काढताच ते कानाशेजारी बसले. करपलेली कणीक त्यांनी वारुळापाशी ओतली. गोल काही जमला नाही. मुंग्या आल्या, करपलेल्या कणकेचीही त्यांना तक्रार नव्हती.

फोन लगेच वाजला. आश्लेषाचाच होता, मातीमित्राचा नव्हे.

"काका, आत्ता काय केलंत? रेघ एकदम वर गेली."

"जेवायला वाढलं."

"अहो, पण परवा तर..." ती थांबली. "काका, दोन आठवडे जरी थांबला असतात, तरी तुमचा अंक चांगलाच आला असता. मला वाटतंय तसं."

"मलाही वाटतंय. तुम्ही लिहा, ताई. या शेतात बाह्य खाद्य आहे. रोज असतं. पुढेही राहील. कांब काढायला माणूस पाठवा."

"नक्की?"

"नक्की. आणि नियम लिहिणारा भेटला कधी, तर त्याला एकदा जेवायला पाठवा इकडे."

ते घरी येऊन म्हणाले, "घेतलं त्यांनी. आता तू घे." हेमलताबाईंनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं, तिच्या बुडाच्या काळ्या डागाकडे पाहिलं, आणि भाकरी वाढून घेतली. नवऱ्यासमोर बसून त्या सकाळी जेवत आहेत, हे दृश्य भास्कररावांनी लग्नानंतर प्रथमच पाहिलं. मग चहा झाला. हेमलताबाईंनी साखरेचा डबा उघडला, एका कपात चमचा घातला, ढवळला, तो त्यांना दिला. दुसरा कप तसाच तोंडाला लावला.

"साखर विसरलीस."

"नाही. भाऊजींच्या बांधावरची साखर कुणी घेतली नाही ना. ती घेतली जाईल तोवर मी पण नाही."

"अगं!" भास्करराव कप ठेवून उभेच राहिले. "माझा अंक गेला म्हणजे त्याचा शब्दही गेला. तो ते औषध या जन्मी सोडत नाही. म्हणजे तू काय, कायमची..."

"बघू," हेमलताबाई म्हणाल्या आणि कडू चहा शांतपणे पिऊन टाकला.

तेव्हापासून भास्कररावांचा दोन्ही वेळचा चहा खराब झाला. त्यांच्या कपात चमचा किणकिणे आणि तिच्या कपात नाही. एवढासा आवाज, पण त्यांना वाटे, तो ऐकायला कुठलाही कान लागत नाही. त्यांनी स्वतः साखर सोडून बघितली. "तुम्ही कशाला, तुमचा नेम नाही," असं म्हणून तिनं ती परत घातली. चिडण्याची तीही सोय गेली.

शिक्का न बसल्याची बातमी सोसायटीच्या ओट्यावर पोचली होतीच. निवृत्ती बांधावर येऊन म्हणाला, "दादा, गौरव गेला तुझा."

"गेला."

"मग माझा शब्द..."

"तोही गेला. मी मागायला आलोय का?"

निवृत्ती गेला नाही. बुटानं ढेकूळ फोडत उभा राहिला. त्याच्या पाठीमागे, त्याच्या बांधावर, रोजचा साखरेचा गोल होता. हेमलताबाई उंबरापाशी वाढून झालं की चिमूटभर तिथेही ठेवून येत. कालचा गोल दवानं विरघळून मातीत डाग पडलेला, त्यावर आजचा.

"वहिनींना सांग ना, ते ठेवू नका म्हणून," तो चिडून म्हणाला. "सगळं गाव विचारतं. घरची बाई माझ्या बांधावरून रिकामी परत गेली, असं बोलतात लोक. त्यांनी माझ्यापायी चहातली साखर सोडलीय, तेही कळलंय सगळ्यांना. माझी बायको रोज तोच विषय काढते."

"तूच सांग. मला तिला काही सांगता आलं असतं, तर आज माझ्या भिंतीवर गौरवपत्र असतं."

निवृत्तीनं हेमलताबाईंना काही सांगितल्याचं ऐकिवात नाही. पण पुढच्या आठवड्यात ठिबकच्या टाकीवरचा माणूस येऊन परत गेला. "बांधाकडच्या चारच ओळी," निवृत्तीनं भावाला बजावलं. "तेवढ्याच सोडल्यात. तुझ्या त्या अंकासाठी नाही आणि तुझ्या गवतासाठी तर नाहीच. उगीच शेफारू नकोस." त्यानंतर चाराच्या आठ झाल्या, त्या कधी झाल्या ते त्यानं सांगितलं नाही. भास्कररावांनी विचारलं नाही. पाऊस संपला, थंडी आली, द्राक्षं उतरली. निवृत्ती रोज सकाळी बागेत जाताना बांधावर वाकून बघे आणि कपाळाला आठ्या घालून पुढे जाई. घरात हेमलताबाईंचा चहा तसाच बिनसाखरेचा चालू होता. पाडव्याला श्रीखंड सगळ्यांना वाढून त्या नुसती पुरी खाऊन उठल्या, तेव्हा भास्करराव इतके वैतागले की त्यांनाही श्रीखंड गोड लागेना.

आणि मग एका सकाळी, चहा गाळला जात असताना, फोन वाजला. निवृत्तीचा. इतक्या हळू आवाजात निवृत्ती आयुष्यात बोललेला नव्हता.

"दादा, आली."

"कोण आली? मोठ्यानं बोल की."

"मोठ्यानं काय बोल! जाईल ना ती. एकच आहे. काळी. कण उचलला, पडला, परत उचलला. मी फोटो काढायला गेलो, तर माझ्या सावलीला भ्याली. आता परत आलीये. थांब." बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "घेऊन चालली, दादा. खाली जातेय. आत गेली."

ओट्यापाशी हेमलताबाई दोन कपांपुढे उभ्या होत्या, हातात चमचा होता, आणि तो नेहमीप्रमाणे एकाच कपाकडे निघाला होता.

"दादा, ऐकतोयस ना?" निवृत्ती पलीकडून कुजबुजत चिडला. "वहिनींना सांग, आता चहात साखर घाला म्हणावं. आणि दोन चमचे घाला म्हणावं. मी इथून बघायला येतोय."